आईच्या नावाची पिढी



हे व्याख्यान रमाबाई रानडे यांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. त्यांचे सेवासदन, स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी घेतलेले कष्ट आणि 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे 1910 साली आलेले पुस्तक यांविषयी आपण सगळ्यांनी बरेच वाचले, ऐकले आहे. मी आज त्यांच्या नावाविषयी बोलणार आहे, आणि तिथून आपल्या सगळ्यांच्या आयांच्या नावांकडे जाणार आहे.

देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांकडे 25 जानेवारी 1862 रोजी मुलगी झाली. तिचे नाव यमुना ठेवले. 1873 साली, अकराव्या वर्षी, तिचे न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाले आणि ती रमा झाली. तिच्या जन्मानंतर तीनच वर्षांनी, 1865 मध्ये, कल्याणला जोश्यांच्या घरी मुलगी झाली. तीही यमुनाच. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले, गोपाळराव जोश्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले आणि त्याच नावाने ती 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाली. पुढे 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी लिहायला घेतली. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीची कहाणी तिच्याच तोंडून सांगायची होती. हरिभाऊंनी तिचे नाव यमू ठेवले. दोन खऱ्या यमुना आणि एक कादंबरीतली. हरिभाऊंच्या वाचकाला यमू हे नाव ऐकताच आपल्या घरातली, शेजारच्या वाड्यातली मुलगी दिसली असणार.

नाव एकेका मुलीला दिले जाते, पण ऐकू येते ते पिढीचे. यमुना, गोदावरी, भागीरथी म्हटले की नऊवारीतली पणजी डोळ्यांपुढे येते. शकुंतला, सुशीला, मालती म्हटले की आजी. मंगला, शोभा, सुनंदा या माझ्या वयाच्या लोकांच्या मोठ्या बहिणी आणि पुष्कळांच्या आया. सुनीता, संगीता, वैशाली, मनीषा या आज ज्यांची मुले नोकरीला लागली आहेत त्या आया. आणि स्नेहल, प्रियांका, पूजा, प्राजक्ता या आत्ता बालवाडीच्या दारात मुलाचा हात धरून उभ्या आहेत. हे सगळे अंदाजाने ओळखता येते आणि अंदाज सहसा चुकत नाही.

असे का होते? पहिले कारण साधे आहे. नाव बारशाला मिळते, पण ते 'आईचे नाव' व्हायला वीस-पंचवीस वर्षे जातात. बाळ पाळण्यात असते तेव्हा ते नाव नवे, कौतुकाचे असते. तीच मुलगी आई होते, तेव्हा तिच्या वयाच्या शंभर जणी त्याच नावाने आई झालेल्या असतात. दरम्यान नव्या बाळांना ते नाव देणे थांबलेले असते. म्हणून मुलांच्या कानाला ते नाव फक्त मोठ्या बायकांचे वाटते. आणखी पंचवीस वर्षांनी तेच नाव आजीचे होते. हे जगभर घडते. अमेरिकेत सरकारी सामाजिक सुरक्षा खाते बाळांच्या नावांच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध करते. तिथे मुलींमध्ये जेनिफर हे नाव 1970 ते 1984 अशी सलग पंधरा वर्षे पहिले होते. त्या जेनिफर आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि तिथल्या तरुण मुलांना हे नाव आईचेच वाटते.

आपल्याकडे हेच पाहायचे तर शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. मी शिक्षिका होते, त्यामुळे ही मोठी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही माझ्या हाताखालून पुष्कळदा गेली. रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण. जुन्या वह्यांमध्ये आईच्या नावाचा रकानाच नव्हता. तो पुढे आला. आला तेव्हा पानाच्या डाव्या बाजूला मुलांची आणि शेजारी आयांची नावे अशा दोन पिढ्या एका ओळीत बसल्या. डावीकडे सचिन, अमोल, अश्विनी, स्वाती, आणि शेजारी शोभा, मंगल, शोभा, सुनंदा, विजया, शोभा. दहा-बारा वर्षांनंतरच्या वहीत शेजारच्या रकान्यात सुनीता, संगीता, सुनीता, अनिता. मुलांची नावे वर्गात एकमेकांपासून वेगळी होत गेली, तरी आयांची नावे एकाच सुरात राहिली.

तो सूर कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे.

सर्वांत जुना थर देवाचा आणि तीर्थांचा. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी, काशी, मथुरा, द्वारका. मुलाला हाक मारताना देवाचे नाव तोंडी यावे ही श्रद्धा त्यामागे होती. शेवटच्या क्षणी मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारणारा अजामिळ तरला, ही कथा कीर्तनात ऐकलेल्या माणसांनी ही नावे ठेवली. आपण ज्यांना थोर म्हणतो त्यांच्या आयांची नावे एका ओळीत मांडून पाहा. न्यायमूर्ती रानड्यांच्या आई गोपिकाबाई. राजर्षी शाहू महाराजांच्या जन्मदात्या राधाबाई. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई. साने गुरुजींच्या आई यशोदाबाई. यशवंतराव चव्हाणांच्या आई विठाबाई. घरे वेगळी, जाती वेगळ्या, पैसाअडका वेगळा, पण पाचही नावे गोकुळ-पंढरीची. ज्या भक्तिपरंपरेने गावोगाव एक अभंग पोचवला, तिनेच ही नावेही घरोघर पोचवली.

नाव घरोघर सारखे असले तरी हाक मात्र सारखी नव्हती. वाड्यातली भागीरथी 'भागीरथीबाई' व्हायची आणि गावकुसाबाहेरची भागीरथी म्हातारी झाली तरी 'भागी'च राहायची. रखमाबाई आणि रखमी, गंगूबाई आणि गंगी. नावाला 'बाई' लागणे हा मान होता आणि तो जातीने वाटला जात होता. बाबासाहेबांशी लग्न झाले तेव्हा रमाईंचे माहेरचे नाव रामी होते, हे आपण जाणतो. म्हणूनच 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाल्यावर नावांमध्ये जो बदल झाला, तो मला महाराष्ट्राच्या नामकरणाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो. मुलींना महामाया, गौतमी, यशोधरा, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा अशी नावे मिळू लागली. यांतली पहिली चार नावे पाहा. महामाया सिद्धार्थाची आई. गौतमीने त्याला वाढवले. यशोधरा राहुलची आई. सुजाताने उपाशी तपस्व्याला खीर दिली. ज्या समाजाच्या आयांना पूर्ण नावाने हाकही मिळत नव्हती, त्याने आपल्या मुलींसाठी या चौघींची नावे निवडली. आज सुजाता किंवा यशोधरा नावाच्या ज्या आया साठीच्या आसपास आहेत, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या नावात त्यांच्या आईवडिलांचा हा निर्णय आहे.

दुसरा थर रंगभूमीचा आणि छापील पुस्तकाचा. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगमंचावर आले, 1882 ला 'सौभद्र', 1899 ला देवलांची 'शारदा', 1919 ला गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली सिंधू. नाटकातल्या नायिका घराघरांत गाण्यांमधून गेल्या. याच सुमारास मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या, मासिके घरी येत होती आणि संस्कृत काव्यातली फुले-वेली नावांमध्ये उतरत होती. कमल, कुसुम, मालती, नलिनी, लता. मुलीच्या नावात पुण्याऐवजी सौंदर्य आले. मुलगी सुंदर आणि सुशिक्षित असावी, हे घराने बारशाला मान्य केले, असा त्याचा अर्थ मी घेते.

एका घराचे उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचे आहे. मंगेशीच्या येसूबाई. त्यांचे पुत्र मास्टर दीनानाथ. दीनानाथांच्या पत्नी शेवंती, लग्नानंतर सुधामती. त्यांच्या मुली लता, मीना, आशा, उषा. लताबाईंचे पहिले नाव हेमा होते. 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ते लता झाले, आणि ती लतिका रंगमंचावर स्वतः दीनानाथ करत असत. म्हणजे रंगभूमीवरचे नाव पाळण्यापर्यंत कसे येते, ते या एका घरात दिसते. पुढच्या पिढीत आशाबाईंची मुलगी वर्षा, मीनाताईंची रचना, आणि त्यांचे भाऊ हृदयनाथ यांची राधा. येसू, शेवंती, लता-मीना-आशा-उषा, वर्षा-रचना, राधा. महाराष्ट्राच्या शंभरेक वर्षांच्या नावांचा प्रवास एवढ्यात येतो. येसू आणि शेवंती ही नावे मागे पडली, दोन अक्षरी सुटसुटीत नावे आली, मग निसर्ग आणि कल्पना आल्या, आणि मागे पडलेली राधा नव्याने आली. या घरातल्या आईला मात्र महाराष्ट्राने माई म्हणूनच ओळखले. शेवंती आणि सुधामती ही दोन्ही नावे चरित्रांत शोधावी लागतात.

स्वातंत्र्यानंतर नावे झपाट्याने बदलली. सिनेमाच्या पडद्यावर जयश्री, संध्या, नंदा होत्या. कादंबऱ्या घराघरांत वाचल्या जात होत्या, आणि 1967 ला आलेल्या 'मृत्युंजय'नंतर वृषाली हे नाव मराठी घरांना आपले वाटू लागले. सत्तरीच्या दशकात 'ता'कारांती नावांची लाट आली: सुनीता, अनिता, संगीता, कविता, सविता, सरिता. एका घरात तीन मुली असल्या तर तिन्ही नावे यमकात बसवायची हौस असे. ही नावे शहरातल्या बंगल्यात होती आणि कामगार वस्तीतही होती. कोणाचे नाव ऐकून जात ओळखावी, ही सोय या पिढीने बरीच कमी केली. सुनीता नावाच्या आईकडे पाहून कंटाळवाणे, सरसकट नाव म्हणणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की हे सरसकट असणे ही त्या नावाची मोठी कमाई आहे.

आता नाव ठेवायचे कोणी, हा प्रश्न. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव निवडण्यात आजोबा, पंचांगातले अक्षर आणि घरातली वडीलधारी माणसे यांचे वजन. आईला बहुतेक वेळा विचारलेच जात नसे. त्यात सासू-सासऱ्यांचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, ही रीत. बाळाला आजीचे नाव ठेवले तर आईला स्वतःच्या लेकीला त्या नावाने हाक मारता येत नसे. म्हणून मग बेबी, ताई, छबी, चिमी अशी दुसरी नावे. माझ्या माहितीतल्या कितीतरी वृद्ध स्त्रियांची कागदावरची नावे त्यांच्या मुलांना शाळेत घालताना पहिल्यांदा कळली.

कुटुंबे लहान झाली, प्रसूती दवाखान्यात होऊ लागली, आई शिकलेली आणि कमावती झाली, तसे नाव निवडणे आईच्या हाती आले. घरात सहा-सात मुलांऐवजी एक किंवा दोन. मग नाव 'वेगळे' हवे, वर्गात दुसऱ्या कोणाचे नको, ही इच्छा आली. आज सुनीतासारखे एक नाव सगळा वर्ग व्यापत नाही. पण पिढीची खूण लपत नाही. आर्या, अन्वी, आरोही, अनया, इरा. नावे वेगळी, आद्याक्षरे आणि लय एकच. पंचवीस वर्षांनी कोणी तरी या नावांकडे पाहून 'आयांची नावे' असे नक्की म्हणेल.

इथपर्यंत मी नाव कसे मिळते ते सांगितले. ते कसे जाते, तेही सांगायला हवे, कारण माझ्या बोलण्याचा गाभा तिथे आहे.

पहिल्यांदा ते लग्नात जाते. नव्या नवरीपुढे ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यावर नवे नाव लिहितो, पेढे वाटतात. मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या आणि त्या नावाने त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. गोदूबाई पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे झाल्या. कोणाला नवे नाव आवडले असेल, कोणाला त्यातून मोकळीकही मिळाली असेल. पण मागे राहिलेली यमुना, मनकर्णिका, गोदू ही आईबापांनी ठेवलेली नावे होती, आणि ती पुसण्याआधी मुलीला कोणी विचारले नाही.

दुसऱ्यांदा ते आई झाल्यावर जाते. ती राजूची आई होते. मराठीतली सर्वांत प्रसिद्ध आई कोण, असे विचारले तर उत्तर 'श्यामची आई' असे येईल. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत याचे फार मोठे रूप दिसले. मतदारयाद्या करणाऱ्यांना लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून घेतले गेले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नाव नसेल तर नोंद नाही, ही भूमिका घेतली. देशातल्या सुमारे 8 कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ 28 लाख जणींची नावे त्यामुळे यादीतून गेली. यांत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश हे भाग प्रामुख्याने होते. तेव्हा हा निर्णय कठोर वाटला. मला तो योग्य वाटतो. मत हे त्या बाईचे आहे, म्हणून ते तिच्या नावानेच पडले पाहिजे, हे त्या निर्णयाने देशाला सांगितले.

आणि काही मुलींना नाव असून नसल्यासारखेच होते. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून नकोशी, नकुसा. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये अशा 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. या तीन निवडींकडे मी पुन्हा पुन्हा पाहते. ऐश्वर्या हे पडद्यावरच्या तारकेचे नाव. वैशाली हे आधीच्या पिढीतल्या आयांचे नाव. सावित्री त्याहून जुने, पणजीच्या काळातले, आणि महाराष्ट्रात सावित्री म्हटले की फुल्यांची शाळाही आलीच. नाव निवडायची संधी मिळताच या मुलींनी पिढ्यांच्या तिन्ही कप्प्यांतून आपल्याला हवे ते घेतले. त्या आज तरुण आहेत, काही आया झाल्या असतील. त्यांच्या मुलांच्या दाखल्यावर आईचे नाव म्हणून त्यांनी मिळवलेले नाव लागेल.

या दाखल्याविषयी बोलून मी थांबते. महाराष्ट्र शासनाने 2024 च्या मार्चमध्ये निर्णय घेतला की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे. ही मुले 2030 च्या सुमारास पहिलीत जातील. तेव्हा हजेरी घेणाऱ्या बाई मुलाच्या नावाला लागूनच आईचे नाव उच्चारतील. स्नेहल, प्रियांका, पूजा, प्राजक्ता या आपल्या इतिहासातल्या पहिल्या आया, ज्यांची संपूर्ण पिढीच्या पिढी मुलांच्या नावात आयुष्यभर राहणार आहे. शोभा, मंगला, सुनीता यांना हे मिळाले नाही. यमुनेला तर तिचे स्वतःचेही राहिले नाही.

या निर्णयाने पुढच्या आयांची सोय झाली. मागच्या आयांचे काय, हे आपल्या हातात आहे. माझी या व्यासपीठावरून एक विनंती आहे, आणि ती मी शाळांना, वाचनालयांना आणि घरांना करते. प्रत्येक शाळेने सातवी-आठवीच्या मुलांना एक काम द्यावे. आईचे, दोन्ही आज्यांचे आणि जमेल तर पणज्यांचे नाव लिहून आणा. सासरचे आणि माहेरचेही, कागदावरचे आणि हाकेचेही, जन्मगाव, आणि ते नाव कोणी व का ठेवले ते. एका वर्गाच्या अशा नोंदी एका वहीत बांधल्या तरी गावाचा शंभर वर्षांचा इतिहास मिळेल. कोणत्या वर्षी मुलींची शाळा निघाली, नाटक कंपनी कधी आली, दीक्षा कधी घेतली, कोणाच्या घरी मुलगी नकोशी होती आणि ती कधी हवीशी झाली, हे सगळे त्या नावांमध्ये सापडेल. हे काम उशिरा करण्यासारखे नाही, कारण माहेरच्या नावाची आठवण असणाऱ्या स्त्रिया आता नव्वदीत आहेत.

श्रोतेहो, घरी गेल्यावर पहिली नोंद स्वतःपासून करा. आजीचे माहेरचे नाव ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक असेल त्याला आजच फोन करा, आणि ते नाव मुलांना सांगा, लिहून ठेवा. एखाद्या नातीला ते आवडले आणि तिने ते आपल्या लेकीला दिले, तर फारच उत्तम. नाही दिले तरी ते नाव ज्या मुलीचे होते, ती आपल्या घराच्या इतिहासात पूर्ण नावाने असली पाहिजे. तिचा तो हक्क आहे.